पत्र : मायना, मजकूर आणि मागणी

मराठीच्या अभ्यासक्रमात पत्रलेखनाला जागा आहे. प्रतिष्ठा मात्र नाही. शालान्त परीक्षेत औपचारिक पत्राला गुण असतात, पदवीच्या वर्गात ‘व्यवहारोपयोगी मराठी’ किंवा ‘उपयोजित मराठी’ या अभ्यासपत्रिकेत त्याला एखादा घटक मिळतो आणि पदव्युत्तर पातळीवर आल्यावर तो विषय संपला, असे आपण गृहीत धरतो. कविता, कादंबरी, समीक्षा यांच्या पंक्तीला पत्र बसवायचे झाले तर ते एखाद्या साहित्यिकाचे खासगी पत्र असावे लागते. अर्ज, मागणीपत्र, स्मरणपत्र, नकारपत्र, प्रस्तावासोबतचे पत्र हा सारा कारकुनी व्यवहार मानला जातो. ही वाटणी अशास्त्रीय तर आहेच, परंतु ती मराठीला महागही पडली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विद्यार्थी पत्रलेखनाच्या नावाखाली काय शिकतो, हे पाहिले म्हणजे या विधानाचा अर्थ स्पष्ट होईल. तो आराखडा शिकतो. ‘प्रति’ कोठे, ‘विषय’ कोठे, ‘महोदय’नंतर स्वल्पविराम की उद्गारचिन्ह, ‘आपला विश्वासू’ डावीकडे की उजवीकडे, याचे नियम तो पाठ करतो. त्या चौकटीच्या आत काय लिहावे, कोणत्या क्रमाने लिहावे आणि वाचणाऱ्याने आपले म्हणणे का मान्य करावे, हा प्रश्न वर्गात क्वचितच उपस्थित होतो. परिणामी मायना निर्दोष, समारोप नम्र आणि मधला मजकूर पोकळ अशी पत्रे आपण वर्षानुवर्षे तपासतो व त्यांना गुण देतो. व्यावसायिक पत्र हे मुळात युक्तिवादाचे गद्य आहे. त्याचा विचार वाचक, औचित्य आणि वाक्यार्थ या अंगांनी झाला पाहिजे. आणि तो विचार करण्याची साधने साहित्याच्या विभागाकडेच आहेत, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परंपरेचा दाखला

पत्राकडे आराखडा म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेची नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राजशासन कसे लिहावे, याविषयी दुसऱ्या अधिकरणात स्वतंत्र अध्याय आहे. तेथे लेखाचे सहा गुण सांगितले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. यांतील पहिला गुण अर्थक्रम. मुख्य गोष्ट आधी मांडून तिच्या अनुरोधाने बाकीच्या गोष्टी याव्यात, असा त्याचा आशय आहे. संबंध म्हणजे मागे लिहिलेल्यास पुढचे बाधक न होणे. परिपूर्णतेत मजकूर उणाही नसावा आणि अधिकही नसावा, तसेच तो कारण व दृष्टान्त यांनी युक्त असावा, अशी अपेक्षा आहे. स्पष्टत्व म्हणजे प्रचारातील शब्दांचा उपयोग. व्याघात आणि पुनरुक्ती यांची गणना दोषांत केलेली आहे. येथे कागदाची कोणती बाजू मोकळी सोडावी, याची चर्चा नाही. विचार कसा रचावा, याची आहे.

मराठीपुरते बोलायचे तर हेमाडपंताच्या नावाशी परंपरेने जोडली गेलेली मेस्तके लेखनपद्धतीचे नियम सांगतात. कोणास कोणता मायना लिहावा, याचा त्यांत तपशील असतो. ही मायन्यांची व्यवस्था श्रेणीबद्ध समाजाची होती आणि तिचे पुनरुज्जीवन करावे, असे कोणी म्हणणार नाही. तरी तिच्यातील एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. ‘स. न. वि. वि.’ हे चार अक्षरांचे संक्षेपरूप आपण आजही लिहितो. सप्रेम नमस्कार, विनंती आणि विशेष. यातील शेवटचा ‘वि.’ महत्त्वाचा. नमस्कार झाला, कुशल विचारून झाले, आता सांगावयाचे ते हे, अशी ती खूण होती. उपचार कोठे संपला आणि काम कोठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला एका शब्दात कळत असे. आजच्या औपचारिक पत्रातून ‘विशेष’ गेला आणि त्याच्या जागी ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की’ आले. शब्द वाढले, खूण मात्र पुसट झाली.

समारोपाचेही तसेच. ‘बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा’ हा जुन्या पत्रांतील ठरीव समारोप वरवर उपचाराचा वाटतो. परंतु त्यात लेखनाचे एक तत्त्व दडलेले आहे. लिहिणाऱ्याने पुरेसे सांगितले आहे, उरलेले वाचणाऱ्याच्या शहाणपणावर सोडले आहे, हा त्याचा अर्थ. मन वळविणाऱ्या लेखनाला वाचकावरचा हा विश्वास आवश्यक असतो.

पटवणारे आज्ञापत्र

ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याने पटवून देण्याची गरज काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याला शिवकालीन पत्रव्यवहारात उत्तर सापडते. पावसाळ्यासाठी चिपळूण परिसरात छावणीस राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. एरवी रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गद्याचा अभ्यासक म्हणून त्याची रचना पाहिली तर ते पटवून देणाऱ्या कार्यालयीन पत्राचा वस्तुपाठ ठरते.

‘रयतेस उपद्रव देऊ नये’ एवढी आज्ञा पुरेशी होती. पत्र तेवढ्यावर थांबत नाही. प्रयासाने जमविलेली वैरण आणि दाणा आताच बेहिशेब खर्च केला तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही मुलखाला त्रास देऊ लागाल. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड. गरीब कुणबी परागंदा होतील, कित्येक उपाशी मरतील. आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट, असे त्यांना वाटेल. कारणापासून परिणामापर्यंतची प्रत्येक कडी सांगितली आहे आणि प्रत्येक कडीत डोळ्यांपुढे उभा राहील असा तपशील आहे. पुढे आगीविषयीची सूचना येते, तीही ‘दक्षता घ्यावी’ अशा मोघम शब्दांत येत नाही. दिवे जळत राहतील, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल, इथपर्यंत लेखणी जाते.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पत्र वाचणाऱ्याच्या स्वतःच्या हिताला हात घालते : घोडी मरतील ती त्यांचीच. दुसरी, करावयाची कृती स्पष्ट आहे : लागेल ते बाजारातून विकत घ्यावे. तिसरी, मोह कोठे होईल याची लेखकाला पूर्वकल्पना आहे आणि तो त्याचे उत्तर आधीच देतो. शिक्षेचा धाकही पत्रात आहे. परंतु तो युक्तिवादाची जागा घेत नाही.

कौलनामा हा याच काळातील आणखी एक बोलका प्रकार. ओसाड पडलेल्या जमिनीवर कुळांनी पुन्हा लागवडीस यावे म्हणून दिलेले ते आश्वासनपत्र. त्यात इस्तावा ठरवून दिलेला असे : पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक थोडा थोडा वाढत जाऊन ठरावीक मुदतीनंतर पूर्ण. ‘आपल्या अडचणींचा सहानुभूतीने विचार केला जाईल’ या आजच्या वाक्याशी त्याची तुलना करून पाहावी. गाव सोडून गेलेल्या माणसाला परत आणण्याचे सामर्थ्य सहानुभूतीच्या घोषणेत नसते; कोणत्या वर्षी किती द्यावे लागेल, हे लिहून दिलेल्या ओळीत असते.

अपुरी राहिलेली आकांक्षा

आता आजच्या गद्याकडे येऊ. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय अस्तित्वात आले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि राज्यकारभाराची मराठी घडविण्याचे मोठे काम सुरू झाले. त्या मराठीवर ‘शब्द अवघड’ हा आक्षेप सतत घेतला जातो. प्रस्तुत लेखकाला तो मुख्य आक्षेप वाटत नाही. शब्द वापराने रुळतात. ‘निविदा’, ‘महापौर’, ‘जिल्हाधिकारी’ हे आज कोणाला परके वाटत नाहीत. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने सुचविलेल्या संस्कृत शब्दांपैकी काही टिकले, काही मागे पडले. भाषेत हे चालायचेच. खरी अडचण शब्दांत नसून वाक्यात आहे.

‘तरी आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ हे वाक्य घ्या. त्यात एकही अवघड शब्द नाही. व्याकरणदृष्ट्याही ते शुद्ध आहे. साहित्यशास्त्राच्या वर्गात वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक असतात, असे आपण शिकवितो. या वाक्यात आकांक्षा पुरी होत नाही. कार्यवाही कोणती? ती कोणी करावी? केव्हापर्यंत? ‘योग्य ती’ हे विशेषण या तिन्ही प्रश्नांवर पांघरूण घालते. ‘व्हावी’ या क्रियापदाने करणारा नाहीसा होतो. ज्याने काही मागितलेच नाही, त्याला नाही म्हणण्याची तसदीही घ्यावी लागत नाही. पत्र ‘माहितीस्तव’ पुढे सरकते, त्याला जावक क्रमांक पडतो आणि पुढे स्मरणपत्रांची मालिका सुरू होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयाला एस.टी.च्या आगार व्यवस्थापकांकडे गाडीच्या वेळेत बदल मागावयाचा आहे. आपल्या प्रचलित पद्धतीने पत्र असे लिहिले जाईल : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, बससेवेअभावी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची मोठ्या प्रमाणावर गैरसोय होत असून त्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे. तरी विद्यार्थिहित लक्षात घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’ परीक्षेत या पत्राला चांगले गुण मिळतील. आगारात त्याचे काय होईल, याची कल्पना वाचकांना आहे.

तेच पत्र असेही लिहिता येईल : ‘सायंकाळी ४.१० वाजता सुटणारी आपली गाडी ४.५० वाजता सोडावी, अशी विनंती आहे. महाविद्यालयाचा शेवटचा तास ४.३० वाजता संपतो. पुढची गाडी ६.३० वाजता आहे. त्यामुळे या मार्गावरील ७ गावांतून येणारे ४३ पासधारक विद्यार्थी शेवटचा तास बुडवून निघतात. त्यांत २९ मुली आहेत. वेळ बदलल्यास परतीची फेरी ४० मिनिटे लांबेल, याची आम्हांस कल्पना आहे. कायमचा बदल तूर्त शक्य नसल्यास १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात प्रयोग करून पाहावा. त्या काळातील उतारूंची रोजची नोंद आम्ही आपणास देऊ. गावनिहाय यादी व महाविद्यालयाचे वेळापत्रक सोबत जोडले आहे.’

दुसऱ्या पत्रात अलंकार नाही, आर्जव नाही आणि ‘नम्र’ हा शब्दही नाही. तरीही ते अधिक विनयशील आहे, कारण त्यात समोरच्या माणसाच्या कामाचा विचार आहे. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात आली, म्हणजे अर्थक्रम साधला. यादी जोडली, म्हणजे परिपूर्णता आली. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, वाचणाऱ्याची अडचण लिहिणाऱ्यानेच बोलून दाखविली व तिच्यावर तोडगाही सुचविला. आगार व्यवस्थापकाला वरिष्ठांपुढे टिप्पणी ठेवावयाची झाली तर तिचा मसुदा या पत्रातच तयार आहे. व्यावसायिक पत्राचा वाचक बहुधा अंतिम निर्णय घेणारा नसतो. त्याला तो निर्णय पुढे कोणाला तरी पटवून द्यावयाचा असतो. चांगले पत्र त्याच्या हाती ते साधन देते.

दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कार्यालयीन भाषा अव्यक्तिनिष्ठच असावी. ‘मी’, ‘तुम्ही’ आले की पक्षपात येतो. या आक्षेपात तथ्य आहे. अधिनियम, नियम, निविदेच्या अटी यांत व्यक्ती दिसू नये, हेच न्यायाचे आहे. परंतु नियमाची भाषा आणि विनंतीची भाषा एक नव्हे. नियम सर्वांना उद्देशून असतो. पत्र एका विशिष्ट पदावरील माणसाला उद्देशून असते. दोहोंना एकच साचा लावणे हा औचित्यभंग आहे. क्षेमेंद्राने औचित्याचा विचार काव्याच्या संदर्भात मांडला असला, तरी स्थान चुकले की गुणाचाही दोष होतो, हे त्यातील मर्म पत्रालाही लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नागरिकाने पटवून का द्यावे? त्याचा हक्क असेल तर त्याने तो मागावा. मन वळविण्याची भाषा म्हणजे पुन्हा आर्जवाची, दरबारी भाषा. या दृष्टीने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा पत्रलेखनाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा म्हटला पाहिजे. या कायद्याखालील अर्जदाराला माहिती कशासाठी हवी, याचे कारण देण्याचे बंधन नाही आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. विनंतीचे रूपांतर मागणीत झाले. परंतु येथेही लेखनाचे कौशल्य अनावश्यक ठरले नाही; उलट त्याची कसोटी वाढली. महाराष्ट्रात २०१२ साली नियमांत दुरुस्ती होऊन अर्ज सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयापुरता असावा, अशी मर्यादा आली. ती मर्यादा इष्ट की अनिष्ट, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. मात्र ‘सर्व माहिती मिळावी’ असे लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि कोणत्या कालावधीतील, कोणत्या कामाची, कोणती कागदपत्रे हवीत, हे नेमके लिहिणाऱ्याला टाळणे अवघड जाते, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. हक्कालाही वाक्य नेमके लागते.

पटवणे म्हणजे आर्जव नव्हे, याचा मराठीतील निर्वाळा जोतीराव फुले यांनी १८८५ साली दिला आहे. पुण्यातील मराठी ग्रंथकार सभेसाठी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून आलेल्या निमंत्रणाला त्यांनी पत्राने नकार दिला. त्या पत्रात आधी निमंत्रण पावल्याची पोच आहे, ते मिळाल्याचा आनंद आहे आणि मग नकाराचे कारण आहे : जे लोक इतरांचे मानवी हक्क उघडपणे देत नाहीत आणि पुढेही देतील असे त्यांच्या वर्तनावरून दिसत नाही, त्यांच्या सभा आणि त्यांचे ग्रंथ आमच्याशी जुळणारे नाहीत. पत्राचा संकेत पाळून, व्यक्तीचा आदर ठेवून आणि तत्त्वाशी तडजोड न करता दिलेला हा नकार आहे. वाङ्मयीन इतिहासात आपण त्याला विद्रोहाचा आद्य दस्तऐवज मानतो. पत्रलेखनाच्या वर्गात मात्र नकारपत्राचा नमुना म्हणून तो कोणी ठेवत नाही. साहित्य एका दालनात आणि उपयोजन दुसऱ्या दालनात ठेवल्याचा हा परिणाम आहे.

विभागांपुढील काम

यातून मराठी विभागांनी काय करावे? पहिली गोष्ट, पत्रलेखनाचे अध्यापन नमुन्यांऐवजी वाचनापासून सुरू करावे. शिवकालीन पत्रे, पेशवे दफ्तरातील कागद, कौलनामे, फुल्यांचे नकारपत्र आणि त्यांच्या शेजारी आजची पाच-दहा खरी कार्यालयीन पत्रे, नावे वगळून, ठेवावीत. मागणी कोणत्या वाक्यात आहे, कारणे किती, त्यांचा क्रम कोणता, वाचकाची अडचण कोठे ओळखली आहे, या प्रश्नांनी त्यांचे विश्लेषण व्हावे. दुसरी गोष्ट, मूल्यमापनात आराखड्याचे गुण कमी करून मजकुराचे वाढवावेत. आज संगणकावर आराखडा आयता मिळतो. इतकेच नव्हे, यंत्राकडून सबंध पत्रही लिहून मिळते आणि ते बहुधा ‘योग्य ती कार्यवाही’च्या सुबक आवृत्तीसारखे असते. कोणाला काय मागावयाचे आणि त्याने ते का द्यावे, हे ठरविण्याचे काम मात्र लिहिणाऱ्याचेच राहते. तिसरी गोष्ट, पदव्युत्तर आणि संशोधनाच्या पातळीवर प्रशासकीय व व्यावसायिक पत्र हा गद्यप्रकार म्हणून अभ्यासविषय व्हावा. मायन्यातील बदल, कर्मणी आणि भावे प्रयोगांचे वाढते प्रमाण, इंग्रजी मसुद्यांच्या अनुवादातून आलेली वाक्यरचना, स्त्रियांच्या आणि दलित-ग्रामीण अर्जदारांच्या पत्रांतील मागणीची भाषा, असे कितीतरी विषय संशोधकांची वाट पाहत आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने भाषेच्या प्राचीनतेची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हावयास हवी होती. परंतु आपल्या वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात प्रबंध लिहावा लागणार नाही. अडलेली शिष्यवृत्ती, न मिळालेला दाखला, गावाचे पाणी, शाळेची पडकी भिंत, नोकरीची संधी यांसाठी पत्र मात्र लिहावे लागणार आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात असे पत्र लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्या वतीने बोलणारा मध्यस्थ नसतो, ओळखीचा माणूस नसतो. असतो तो एक कागद. त्या कागदावर त्यांची मागणी पहिल्या ओळीत आणि त्यांच्याच वाक्यात उभी राहावी, एवढे सामर्थ्य मराठीच्या पदवीने त्यांना दिले पाहिजे.